कंपन्यांना ग्राहक खूश व्हावा असं खरंच वाटतं का?

प्रश्न असा आहे : जाहिरातीत, मेलमध्ये, फोनवर प्रत्येक कंपनी सांगते की ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय. मग तक्रार घेऊन गेल्यावर दाद का लागत नाही? कंपन्यांना खरंच काही वाटतं, की सगळा देखावा असतो?

माझी सगळी नोकरी ग्राहक सेवेत झाली. सुरुवातीला हेडसेट लावून कॉल घेतले, मग टीम सांभाळली, पुढे तक्रार निवारण विभाग चालवला, आणि आता कंपन्यांना त्यांची सेवा कशी उभी करावी याचा सल्ला देते. माझं उत्तर : हो, वाटतं. पण ज्यांना वाटतं त्यांच्या हातात बहुतेक वेळा काही नसतं, आणि ज्यांच्या हातात असतं त्यांच्यासमोर ग्राहक कधी येत नाही. म्हणून हे उत्तर कुणाच्या मनात शोधून सापडणार नाही. पैसा कशासाठी राखून ठेवलाय, निर्णय घ्यायचा हक्क कुणाला दिलाय आणि बढती कशावर मिळते, हे पाहिलं की कंपनीला किती काळजी आहे ते कळतं.

फोनवर थांबावं लागण्यापासून सुरुवात करते, कारण तिथे हे अगदी स्वच्छ दिसतं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे रेकॉर्डिंग ऐकत आपण होल्डवर असतो तेव्हा वाटतं, आज गर्दी असेल. कधी कधी असतेही. पण रोजच्या रोज तेवढंच थांबावं लागत असेल तर ते आधी ठरवलेलं असतं. अॅग्नर एर्लांग नावाचे डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली सूत्रं आजही कॉल सेंटरचं मनुष्यबळ ठरवताना वापरली जातात. तासाला किती कॉल येतात आणि एक कॉल सरासरी किती वेळ चालतो हे माहीत असलं, की किती माणसं बसवल्यावर ग्राहकाला किती थांबावं लागेल याचा बऱ्यापैकी नेमका अंदाज काढता येतो.

समजा तासाला २०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ६ मिनिटं चालतो. म्हणजे २० माणसांना श्वास घ्यायला फुरसत न देता पुरेल एवढं काम. कुणी कंटाळून फोन ठेवत नाही असं धरलं, तर २५ माणसं बसवल्यावर सरासरी १५ सेकंद थांबावं लागतं. २१ बसवली तर साधारण साडेचार मिनिटं. २० बसवली तर रांग वाढतच जाते, कधी आटोक्यात येत नाही. २५ आणि २१ यांत फरक फक्त चार पगारांचा आहे, पण ग्राहकाच्या बाजूने तो फरक अठरा पटींचा होतो. ज्या बैठकीत ही चार पदं कापली जातात तिथे कुणी ग्राहकाचं वाईट चिंतत नसतं. समोरच्या तक्त्यात चार पगारांचा रकाना असतो. लोकांच्या वाया गेलेल्या मिनिटांचा रकाना नसतो, कारण त्या मिनिटांचं बिल कंपनीला येत नाही.

या क्षेत्रात '८०-२०' असं एक जुनं लक्ष्य आहे : ८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत उचलायचे. नवीन खरेदीच्या लाइनला हे लक्ष्य कडक पाळायचं आणि सेवा बंद करण्याच्या किंवा तक्रारीच्या लाइनला ते निम्म्यावर आणायचं, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. दोन्ही लाइन एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. तुम्हाला एखाद्या कंपनीची पारख करायची असेल तर दोन्ही नंबर लावून बघा.

एकाच कंपनीत काळजी आणि बेपर्वाई कशी शेजारी शेजारी नांदते हे अॅमेझॉनमध्ये ठळक दिसतं. घेतलेली वस्तू परत करणं या कंपनीने इतकं सोपं केलं की बाकीच्यांनाही तसं करावं लागलं. त्यामागे ग्राहकाबद्दलचा गांभीर्याने केलेला विचार आहे, ते मी नाकारणार नाही. पण अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने जून २०२३ मध्ये याच कंपनीवर खटला भरला. आरोप असा होता की लोकांना त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय 'प्राइम' या पैसे भरून घ्यायच्या योजनेचं सदस्य करून घेतलं जातं आणि सदस्यत्व रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे. रद्द करण्याच्या त्या प्रक्रियेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हणत, त्या लांबलचक प्राचीन युद्धकाव्यावरून, असं कमिशनने तक्रारीत नमूद केलं होतं. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली : एक अब्ज दंड, दीड अब्ज ग्राहकांना परतावा. आपली चूक झाली असं कंपनीने मान्य केलं नाही.

मग अॅमेझॉनला ग्राहकाची काळजी आहे की नाही? मला हा प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. वस्तू परत घेणाऱ्या विभागाचं यश ग्राहक पुन्हा खरेदीला येतो का यावर मोजलं जात असेल, आणि सदस्यत्वाच्या विभागाचं यश महिनाअखेरीस किती सदस्य उरले यावर, तर दोन्हीकडची सज्जन, हुशार माणसं अगदी वेगवेगळं वागतील. हे मी फक्त त्या एका कंपनीबद्दल म्हणत नाही. जिथे जिथे 'रिटेन्शन' नावाचा विभाग असतो तिथे हेच आहे. सेवा बंद करायला आलेल्यांपैकी किती जणांना थांबवलं यावर तिथल्या माणसाचा इन्सेन्टिव्ह ठरतो. 'मी देश सोडून चाललोय' असं सांगणाऱ्यालाही तो तीन ऑफर ऐकवतो, कारण त्या न ऐकवता कॉल संपवला तर कॉल तपासणाऱ्या विभागाकडून त्याचेच गुण कापले जातात. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. 'मला कोणतीही ऑफर नको, तशी नोंद करा आणि सेवा बंद झाल्याचा लेखी मेसेज पाठवा' असं शांतपणे म्हटलं की त्याचीही सुटका होते आणि आपलीही.

जर्मनीने यावर सरळ उपाय केला. १ जुलै २०२२ पासून, ज्या वेबसाइटवरून ग्राहकाला दरमहा पैसे भरण्याचा करार करता येतो, त्या वेबसाइटवर तो रद्द करण्याचं बटणही सहज दिसेल असं ठेवावं लागतं. मला असे कायदे मनापासून आवडतात, कारण ते कंपनीच्या भावनेवर विसंबत नाहीत.

आता मोजमापाबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. कॉल संपला की किंवा वस्तू हातात पडली की 'आम्हाला किती गुण द्याल' असा मेसेज येतो. त्यातला एक प्रश्न जगभर पसरला आहे : आमची शिफारस तुम्ही मित्राला कराल का, ० ते १० मध्ये सांगा. अमेरिकन सल्लागार फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली. ९ आणि १० देणारे म्हणजे कंपनीचे चाहते, ७ आणि ८ देणारे तटस्थ, ० ते ६ देणारे नाराज. चाहत्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे की आकडा तयार. कल्पना चांगली होती : थोडक्यात विचारा, आणि जो कमी गुण देईल त्याला लगेच फोन करून कारण जाणून घ्या. हा दुसरा भाग बहुतेक कंपन्यांनी सोडून दिला आणि आकडा तेवढा बोनसला बांधला. म्हणून तुम्हाला सेवा देणारा माणूस 'प्लीज दहा द्या, नऊ चालत नाहीत' अशी विनवणी करतो. तुमचं आठ गुणांचं प्रामाणिक मत त्याच्या पगाराला लागतं, आणि वरच्या मजल्यावर मात्र अहवाल जातो की ग्राहक अतिशय खूश आहेत.

तक्रारींचं तर याहून वाईट होतं. तक्रार ४८ तासांत बंद झाली पाहिजे असं टार्गेट ठेवलं की ती बंद होते, पण सुटतेच असं नाही. कसं होतं ते सांगते. मुदत संपत आली की ग्राहकाला मेल जातो : 'कृपया अधिक माहिती पाठवा.' त्या क्षणी सिस्टीममधलं घड्याळ थांबतं, कारण आता चेंडू ग्राहकाच्या कोर्टात आहे. ग्राहकाने तो मेल पाहिला नाही तर काही दिवसांनी तिकीट, म्हणजे सिस्टीममधली तक्रारीची नोंद, आपोआप बंद होतं. तो चिडून पुन्हा फोन करतो तेव्हा नवीन तिकीट, नवीन क्रमांक. महिनाअखेरीला अहवालात एकाच दुखण्याच्या तीन तक्रारी 'वेळेत निकाली' म्हणून दिसतात. यात कुणी एका शब्दानेही खोटं लिहिलेलं नसतं. संचालक मंडळाला हाच अहवाल दिसतो आणि त्यांचा खरंच समज होतो की सगळं उत्तम चाललंय. ज्या कंपनीला सत्य जाणून घ्यायचं असतं ती वेगळा आकडा मागवते : त्याच ग्राहकाने त्याच कारणासाठी आठवड्याभरात पुन्हा संपर्क केला का? हा आकडा पहिल्यांदा समोर आला की बैठकीत शांतता पसरते. तो आकडा मागवत राहणारे वरिष्ठ मला थोडे भेटले, पण त्यांच्या कंपन्यांत काम करताना फरक रोज जाणवायचा.

चुकीचं मोजमाप कुठवर नेतं याचा मोठा दाखला अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचा आहे. एका ग्राहकाकडे आपली जितकी खाती आणि कार्डं, तितकं त्याच्याशी आपलं नातं घट्ट, असं गृहीत धरून बँकेने प्रत्येक ग्राहकामागे आठ उत्पादनांचं लक्ष्य ठेवलं. शाखांतल्या लोकांवर त्याचा इतका दाब आला की त्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचं बाहेर आलं, आणि २०२० मध्ये सरकारी खटले मिटवायला बँकेने ३ अब्ज डॉलर मोजले. एवढ्या सगळ्या लोकांना ग्राहक नकोसे होते का? नाही. नात्याचं माप म्हणून जो आकडा निवडला होता त्यानेच नातं मोडलं.

निर्णयाच्या हक्काबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. रिट्झ-कार्लटन हॉटेलांचा एक नियम आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला माहीत असतो : पाहुण्याची अडचण सोडवायला कोणताही कर्मचारी, अगदी खोली आवरणारासुद्धा, वरिष्ठाला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. इतकी मोठी रक्कम क्वचितच लागत असेल. पण त्या नियमामुळे समोरच्या माणसाला 'विचारून सांगतो' असं म्हणावं लागत नाही.

मी तक्रार निवारण विभाग सांभाळत होते तेव्हा पहिल्यांदा फोन उचलणाऱ्यांना लहान रकमेचा परतावा स्वतःच्या निर्णयावर देण्याची मुभा मिळवली. त्यासाठी वित्त विभागाशी बरंच भांडावं लागलं. त्यांना भीती होती की ही मुलं पैसे वाटत सुटतील. तसं झालं नाही. उलट आपल्याच हातातला निर्णय म्हटल्यावर ती जास्त बारकाईने चौकशी करू लागली. तीन पायऱ्या चढून वर आलेली तक्रार मिटवणं किती महाग पडतं हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं : दोन वरिष्ठांचा वेळ, चार-पाच फोन, आणि शेवटी संतापलेल्या ग्राहकाला द्यावी लागणारी मोठी भरपाई. तो खर्च उतरला. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे, की लोक नोकरी सोडून जायचे कमी झाले. दिवसभर दुसऱ्याची अडचण ऐकायची, ती खरी आहे हे कळायचं, आणि तरी 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' एवढंच म्हणायचं, हे काम माणसाला आतून पोखरतं. फोनवरचा आवाज यांत्रिक वाटतो तो बेफिकिरीमुळे असेल असं धरून चालू नका. स्वतःला वाचवण्यासाठीही माणूस तसा बोलायला लागतो.

काही वेळा वरच्या माणसांची खरोखर कसोटी लागते. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात जणांचा जीव गेला. विष दुकानात पोहोचल्यावर घातलं गेलं असावं असं तपासात दिसत होतं. तरीही ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला. त्यानंतर छेडछाड झाली तर लगेच दिसेल असं वेष्टन आणलं, आणि बाजारातला गमावलेला वाटा वर्षभरात बराचसा परत मिळवला. लोक मला विचारतात, हे माणुसकीपोटी केलं की नाव वाचवायला? दोन्ही कारणं असतील आणि त्यांची फोड करण्यात मला रस नाही, ग्राहकाचा जीव वाचणं महत्त्वाचं. मात्र एकदा दाखवलेल्या काळजीवर कंपनीला कायमचं प्रमाणपत्रही देऊ नये. याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो लोकांनी खटले भरले. कंपनीने आपली पावडर सुरक्षित असल्याचंच सांगितलं, आणि २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभरात विकणं थांबवलं.

दुसऱ्या टोकाला रायनएअर. स्वस्त तिकीट हीच आमची सेवा, बाकी अपेक्षा करू नका, असं ही विमान कंपनी उघड म्हणायची. बोर्डिंग पास छापून आणला नाही तर ७० युरो. २०१३ मध्ये नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला, भागधारकांनीही सभेत ग्राहकांच्या नाराजीचा विषय काढला, आणि कंपनीने धोरण फिरवलं : आधी चेक-इन केलेल्या प्रवाशासाठी ७० चे १५ युरो केले, हातातली एक छोटी पिशवी जास्त नेऊ दिली, बुकिंगमधल्या किरकोळ चुका २४ तासांत फुकट दुरुस्त करता येतील असं केलं. प्रवासी वाढले. लोकांना दुसऱ्या विमानात बसता येत होतं, म्हणून हे घडलं. जिथे ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही, एकच पुरवठादार आहे किंवा सगळा डेटा तिथे अडकलाय, तिथे ही सुधारणा आपोआप येत नाही. तिथे नियामकाला पुढे व्हावं लागतं. आणि फुकट सेवा वापरत असाल तर पैसे जाहिरातदार देतो, आणि कंपनी त्याचं आधी ऐकते, हेही लक्षात ठेवावं.

आपलीही बाजू थोडी सांगते. आपण दरांची तुलना करून सगळ्यात स्वस्त पर्याय निवडतो, तेव्हा फोनवर माणूस मिळणं हाही त्या दरातून कापलेला खर्च असू शकतो. हे समजून निवडलं तर त्यात काही गैर नाही. पण विक्रीनंतरची सेवा कशी आहे याची चौकशी खरेदीच्या आधी केली पाहिजे. परताव्याचं पान वाचा, रद्द कसं करायचं ते शोधा. ते शोधायलाच दहा मिनिटं लागली तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आणि तक्रार करायची वेळ आलीच, तर आतल्या व्यवस्थेत ती अडकू नये म्हणून काही गोष्टी सांभाळा. पहिल्याच वाक्यात काय हवंय ते सांगा : परतावा, बदली वस्तू, बिलात दुरुस्ती. नुसता संताप नोंदवला तर सिस्टीममध्ये तो 'अभिप्राय' म्हणून जातो आणि अभिप्रायाला मुदत नसते. 'अधिक माहिती पाठवा' असा मेल आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, म्हणजे घड्याळ पुन्हा चालू होईल. तिकीट बंद केलं असेल तर नवीन क्रमांक घेऊ नका, जुनाच पुन्हा उघडायला सांगा. पुन्हा उघडलेली तिकिटं सहसा वेगळ्या यादीत जातात आणि ती यादी टीम लीडरला पाहावीच लागते. समोरच्याला विचारा, 'हा निर्णय तुमच्या अधिकारात आहे का? नसेल तर कुणाच्या?' प्रश्न सौम्यपणे विचारला तर बहुतेक जण खरं सांगतात, कारण त्यांनाही तो कॉल योग्य माणसाकडे पोहोचवायचा असतो. कंपनीने अंतिम उत्तर दिलं आणि ते पटलं नाही, तर ज्या क्षेत्रात नियामक किंवा लोकपाल (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा कंपनीबाहेरचा अधिकारी) आहे तिथे जायला कचरू नका. बाहेरून आलेली तक्रार नेहमीच्या रांगेत पडत नाही. तिच्यासाठी बहुधा वेगळा माणूस असतो, वेगळी मुदत असते आणि उत्तरावर वरिष्ठाची सही लागते. तिथे अर्ज करताना तक्रार क्रमांक, फोनच्या तारखा आणि कंपनीचं लेखी उत्तर मागतात, म्हणून पहिल्या फोनपासून एवढं एका जागी लिहून ठेवा.